कर्करोगाचे लवकर निदान : हिशेबात पाठपुरावाही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोग लवकर सापडला तर जीव वाचतो आणि पैसाही वाचतो, हे वाक्य आरोग्यविषयक पुरवण्यांत इतक्या वेळा येते की त्याचा उत्तरार्ध कोणी तपासून पाहत नाही. पूर्वार्ध बऱ्याच कर्करोगांच्या बाबतीत खरा आहे. उत्तरार्ध कधी खरा, कधी अर्धवट, तर कधी सरळ उलटा. माणूस तक्रार घेऊन सर्वांत आधी ज्या दवाखान्याची पायरी चढतो, त्या जनरल प्रॅक्टिसमध्ये लवकर निदान सुधारायचे तर खर्च नेमका कशावर होतो आणि त्यातला कोणता वाया जातो, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. काहीच तक्रार नसलेल्यांना बोलावून तपासणे, म्हणजे स्क्रीनिंग, हा वेगळा विषय. तो बाजूला ठेवला आहे.

आधी डॉक्टरच्या टेबलावरची परिस्थिती पाहू. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्या जनरल प्रॅक्टिशनरच्या रुग्णांत वर्षभरात साधारण आठ नवे कर्करोग निघतात. वर्षात हजारो माणसे तपासायची आणि त्यांतली ही आठ ओळखायची. इंग्लंडमधील एक्सेटर येथल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाळिशीपुढच्या रुग्णांमध्ये नुसत्या खोकल्यामागे फुप्फुसाचा कर्करोग असण्याची शक्यता ०.४ टक्के निघाली, खोकल्यातून रक्त पडत असेल तर २.४ टक्के. शौचावाटे रक्त जाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग असण्याची शक्यताही २.४ टक्के. म्हणजे खोकणाऱ्या अडीचशे जणांत एक. त्या एकासाठी बाकीच्या २४९ जणांचे काय करायचे, हा प्रश्न वैद्यकीय आहे तितकाच पैशाचाही आहे.

इंग्लंडमध्ये मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्ये त्याचे उत्तर आकड्यात दिले. एखाद्या लक्षणामागे कर्करोग असण्याची शक्यता ३ टक्के किंवा जास्त असेल तर तातडीने तपासणीला पाठवावे, असा आधार त्यांनी धरला. त्याआधीच्या शिफारशींत हा उंबरठा ५ टक्क्यांच्या आसपास होता. पाचावरून तीनवर येणे कागदावर किरकोळ दिसते. त्याचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो. समजा, जुन्या उंबरठ्यावर वर्षाला १,००० जणांना पाठवत होतो आणि त्यांत ८० कर्करोग सापडत होते. साडेबारा तपासण्यांमागे एक. उंबरठा खाली आणल्यावर आणखी १,००० जण आले. ही माणसे ३ ते ५ टक्क्यांच्या पट्ट्यातली, म्हणून त्यांच्यात ४० सापडले. आता सरासरी काढली तर २,००० मागे १२०, म्हणजे सुमारे सतरा तपासण्यांमागे एक. नियोजनाच्या बैठकीत हीच सरासरी सांगितली जाते आणि ती दिसायला बरी असते. पण नवा पैसा नव्या हजारांवर गेला आहे आणि तिथे भाव पंचवीसला एक आहे. शिवाय ते ४० जण कधी ना कधी सापडणारच होते. लवकर सापडल्यामुळे ज्यांची स्टेज खरोखर बदलली, असे त्यांतले समजा दहाच असतील, तर प्रत्येक लाभार्थ्यामागे शंभर तपासण्या झाल्या. आमच्या मते हा खर्च अनेक कर्करोगांसाठी करण्याजोगाच आहे. फक्त तो सरासरीच्या आड लपवू नये.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘डॉक्टरने तीनदा परत पाठवले’ ही तक्रार ऐकली की दोष डॉक्टरचा, असे आपण धरून चालतो. इंग्लंडमधील रुग्णांच्या सर्वेक्षणावर आधारित २०१२ चा अभ्यास सांगतो की तज्ज्ञाकडे पाठवले जाण्याआधी तीन किंवा अधिक वेळा दवाखान्यात जावे लागलेल्यांचे प्रमाण स्तनाच्या कर्करोगात ७.४ टक्के होते, तर मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगात ५०.६ टक्के. डॉक्टर तेच, व्यवस्था तीच. स्तनातली गाठ हाताला लागते. मायलोमाची पाठदुखी आणि थकवा मात्र इतर शेकडो कारणांच्या पाठदुखीत आणि थकव्यात बेमालूम मिसळून जातात. म्हणून ‘डॉक्टरांचे प्रशिक्षण घ्या’ हा स्वस्त आणि लोकप्रिय उपाय ठरावीक मर्यादेपुढे चालत नाही. मायलोमाच्या बाबतीत साठीपुढची न हटणारी पाठदुखी किंवा अकारण मोडलेले हाड दिसले की सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), कॅल्शियम आणि ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) मागवायचा आणि त्यांत काही खटकले की रक्तातली प्रथिने वेगळी करून पाहणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करायची, हे माहीत असून भागत नाही. ते आठवायला आणि रुग्णाला नीट विचारायला वेळ लागतो. ६७ देशांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते तिथे डॉक्टर एका रुग्णाला पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ देतात, असे दिसले. पाच मिनिटांत वजन किती महिन्यांत किती उतरले, हे विचारून होत नाही. लवकर निदानाच्या खर्चातली पहिली बाब ही मिनिटे आहेत आणि कुठल्याच अंदाजपत्रकात त्यांचे शीर्षक नसते.

आता चाचण्यांकडे येऊ. रक्ताची साधी तपासणी स्वस्त असते, मग करून टाकायला काय हरकत, असे वाटते. ईएसआर, सीआरपी यांसारख्या दाह दाखवणाऱ्या चाचण्यांवर ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या ‘काय हरकत’चे उत्तर देतो. अशा १,००० चाचण्या केल्या तर २३६ खोटे पॉझिटिव्ह (आजार नसताना तो असल्याचे सुचवणारे रिपोर्ट) येतात आणि त्यांच्यापोटी पुढच्या सहा महिन्यांत डॉक्टरच्या ७१० जादा भेटी, रक्त काढण्यासाठीच्या २२९ जादा खेपा आणि तज्ज्ञांकडे पाठवण्याच्या २४ चिठ्ठ्या होतात. चाचणीचा दर तेवढाच राहिला, पण तिने सातशे भेटींचा वेळ खाल्ला. ती मिनिटे आणायची कुठून? ज्याला खरोखर दहा मिनिटे द्यायला हवी होती, त्याच्याच वाट्यातून. शिवाय या चाचण्या नॉर्मल आल्या म्हणून कर्करोग नाही असे म्हणता येत नाही, ते वेगळेच.

याउलट, चाचणी आधीच झालेली आहे, पैसे गेलेले आहेत आणि तिच्यातली माहिती कोणी उचलत नाही, असेही रोज घडते. सीबीसीमधल्या प्लेटलेटचे उदाहरण घ्या. कमी झाल्या की घरदार घाबरते, जास्त आल्या तर कोणी ढुंकून बघत नाही. चाळिशीपुढच्या व्यक्तीच्या प्लेटलेट चार लाखांवर असतील तर पुढच्या वर्षभरात कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण पुरुषांत ११.६ टक्के आणि स्त्रियांत ६.२ टक्के होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात आढळले. नॉर्मल प्लेटलेट असणाऱ्यांत हेच आकडे ४.१ आणि २.२ होते. तीन टक्क्यांच्या उंबरठ्याच्या कितीतरी वरची ही खूण सीबीसीच्या रिपोर्टवर फुकट मिळते. ती पाहून फुप्फुस आणि मोठे आतडे यांचा आधी विचार करायचा, एवढेच काम उरते.

रक्तक्षयाचेही तसेच. हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कमी, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वर येते, रुग्ण आणि डॉक्टर दोघेही खूश. लोह गेले कुठे, हा प्रश्न तिथेच राहतो आणि आतड्यातली गाठ झिरपत राहते. गोळ्यांनी गुण येणे म्हणजे लोहाची कमतरता होती एवढे सिद्ध झाले, तिचे कारण सापडले असे नव्हे. इथे दोन बारीक गोष्टी हमखास चुकतात. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासण्यासाठीचे रक्त गोळ्या सुरू करण्याआधी काढायचे असते, नंतर काढले तर आकडा फसवतो. आणि शरीरात दाह असेल तर फेरिटिन वाढते, त्यामुळे ते नॉर्मल आले तरी लोहाची कमतरता नाही असे ठामपणे सांगता येत नाही. तिसरी गोष्ट रिपोर्टच्या छपाईची आहे. पुरुषाचे हिमोग्लोबिन दोन वर्षांत १५.५ वरून १३.२ वर आले तर प्रयोगशाळेच्या कागदावर त्याच्यापुढे कोणतीच खूण येत नाही, कारण दोन्ही आकडे नॉर्मल मर्यादेत बसतात. मागचा रिपोर्ट शेजारी ठेवला तरच उतरण दिसते. रिपोर्टवरच मागचे तीन आकडे छापून देणे ही सॉफ्टवेअरमधली किरकोळ सुधारणा आहे. कर्करोगाच्या लवकर निदानासाठी इतके स्वस्त दुसरे काही आम्हांला माहीत नाही.

आतड्याच्या तक्रारींसाठी अलीकडे ज्या चाचणीने हिशेब बदलला, ती म्हणजे फिट. शौचातले मानवी हिमोग्लोबिन मोजणारी ही चाचणी घरी नमुना घेऊन करता येते. लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी एका ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम ही रेषा वापरली जाते आणि तिथे ती मोठ्या आतड्याचे सुमारे ९० टक्के कर्करोग पकडते. ज्यांची फिट या रेषेखाली येते त्यांतल्या बहुतेकांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) टळते, खरी बचत इथे आहे. पण नमुना घेण्यात गडबड झाली तर सगळे मुसळ केरात. शौच पाण्याला लागता कामा नये. काडीच्या टोकाच्या खाचा भरतील तेवढाच नमुना दोन-तीन जागांवरून घ्यायचा आणि काडी नळीत बसवायची. लोक जास्त झाले तर बरे म्हणून काडी भरभरून माखतात, मग नळीतल्या द्रावणाचे प्रमाण बिघडते आणि प्रयोगशाळा नमुना फेटाळते. तारीख लिहिलेली नसली तरी फेटाळते, कारण नमुना किती दिवस आणि किती उकाड्यात पडून होता हे कळत नाही. उष्णतेने हिमोग्लोबिन विघटित होते आणि पॉझिटिव्ह यायचा तो निगेटिव्ह येतो. म्हणून नळीसोबत चित्रांचा कागद द्यावा आणि काउंटरवरच्या माणसाने दोन मिनिटे समजावून सांगावे. हाही खर्चच आहे, तोही चाचणीच्या दरात धरलेला नसतो. आणि राहिलेले १० टक्के? फिट निगेटिव्ह आली तरी तक्रार टिकून राहिलेल्या माणसाला पुन्हा बोलवावेच लागते.

छातीच्या एक्स-रेची गोष्ट थोडक्यात. लक्षणे असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे पाचातला एक साध्या एक्स-रेत दिसत नाही. तरीही ‘एक्स-रे क्लिअर’ हे शब्द ऐकले की तपास संपतो.

चाचणीपुढे रांग असते. आठवड्याला ४० एण्डोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी) करू शकणाऱ्या विभागाकडे ४२ चिठ्ठ्या येऊ लागल्या, तर फरक दोघांचाच. पण वर्षअखेर १०४ माणसे रांगेत उभी असतात, म्हणजे प्रतीक्षा अडीच आठवड्यांहून अधिक वाढते आणि ती वाढतच राहते. त्यातून ‘तातडीची’ चिठ्ठी पुढे घातली की साधी चिठ्ठी मागे ढकलली जाते, आणि साध्या चिठ्ठ्यांतही कर्करोग असतातच, कारण त्यांची लक्षणे पुस्तकात दिल्याप्रमाणे नसतात. दवाखान्यांना जास्त रेफर करायला सांगायचे आणि तपासणी विभागाची क्षमता तेवढीच ठेवायची, असे केले तर निदान लवकर होण्याऐवजी वेगळ्या माणसांना उशीर होतो. इंग्लंड सरकारने २०११ च्या कर्करोग धोरणात लवकर निदानासाठी चार वर्षांत ४५ कोटी पौंडांहून अधिक रकमेची तरतूद जाहीर केली, तेव्हा जनरल प्रॅक्टिशनरना थेट चाचण्या मागवण्याची सोय आणि त्यातून वाढणाऱ्या तपासण्या-उपचार हे दोन्ही त्यात धरले होते. जनजागृतीची पोस्टरे छापून खर्च संपत नाही, हे किमान कागदावर तरी त्यांनी मान्य केले.

डेन्मार्कचा मार्ग आम्हांला अधिक पटतो. तिथे आढळले की पुढे कर्करोग निघालेल्या रुग्णांपैकी जेमतेम निम्मे धोक्याचे स्पष्ट लक्षण घेऊन दवाखान्यात येतात. बाकीच्यांचे वजन उतरलेले असते, थकवा असतो, ‘काहीतरी बिनसले आहे’ एवढेच सांगता येते. म्हणून तीन वाटा केल्या. स्पष्ट लक्षणांसाठी तातडीची वाट. गंभीर पण मोघम लक्षणांसाठी निदान केंद्र, जिथे एका अवयवाच्या तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे टोलवाटोलवी होत नाही. आणि साध्या शंकेसाठी सोनोग्राफी, एण्डोस्कोपीसारखी एकच चाचणी जनरल प्रॅक्टिशनरने थेट मागवायची सोय. यात तिसरी वाट सर्वांत स्वस्त आहे, आणि अनेक ठिकाणी तीच बंद असते.

आमच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब मात्र याहून साधी आहे : पाठपुरावा. निदानाला उशीर होतो त्या ठिकाणी यंत्र नसते असे नव्हे, बऱ्याचदा यंत्राचा रिपोर्ट आलेला असतो. तो रजेवर गेलेल्या डॉक्टरच्या नावाने येतो. न्यूमोनियाच्या एक्स-रेखाली ‘सहा आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढावी’ ही शेवटची ओळ कोणी वाचत नाही. रुग्णाचा फोन नंबर बदललेला असतो. लघवीतून रक्त गेले, अँटिबायोटिकने थांबले, म्हणून पुढची तपासणी राहून जाते, आणि मूत्राशयातल्या गाठीचे रक्त तर आपोआपही थांबते. ‘काही असेल तर कळवू’ असे सांगून पाठवलेला रुग्ण फोन आला नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजतो. आणि सर्वांत नेहमीचे म्हणजे, चाचणी का सांगितली हेच त्याला माहीत नसते. रुग्ण घाबरेल म्हणून डॉक्टर कर्करोगाचे नाव घेत नाही, रुग्णाला बरे वाटते आणि तो चाचणीला जातच नाही.

यावर इलाज म्हणजे एक वही किंवा संगणकावरचा तक्ता. नाव, दोन फोन नंबर, काय मागवले, कोणत्या शंकेने, कोणत्या तारखेला, रिपोर्ट कधी यायला हवा, आला का, कोणी पाहिला, रुग्णाला सांगितले का, पुढची तारीख. आठवड्यातून एक सकाळ एका प्रशिक्षित कर्मचाऱ्याने हा तक्ता उघडायचा, न आलेले रिपोर्ट शोधायचे आणि न गेलेल्यांना फोन करायचे. हे काम डॉक्टरचे नाही, डॉक्टरवर सोपवले तर होतही नाही. रुग्णाला निरोप देतानाही मोघमपणा नको. ‘बरे नाही वाटले तर या’ याचा काही उपयोग नसतो. ‘खोकला तीन आठवड्यांनी असेल तर या, एक्स-रे चांगला आला असला तरी या’ असे सांगायचे आणि चिठ्ठीवर लिहून द्यायचे. एक अर्धवेळ पगार आणि थोडे फोनचे बिल, एवढा हा खर्च. तरी तो मंजूर होत नाही, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

बचतीच्या दाव्याकडे परत येऊ. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये मोठे आतडे, गुदाशय, बीजांडकोश आणि फुप्फुस या चार कर्करोगांचा स्टेजनुसार खर्च मोजला गेला. लवकरच्या स्टेजचा उपचार चारही ठिकाणी स्वस्त निघाला. पण एकूण हिशेबात पहिल्या तिघांत बचत दिसली, तर फुप्फुसाच्या कर्करोगात खर्च वाढला. त्यात पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जास्त, म्हणून लवकर सापडून वाचलेल्या रुग्णांवर पुढे पुन्हा उपचार करावे लागतात. यात वाईट काही नाही. माणसे अधिक जगली म्हणून खर्च वाढला. पण ‘पैसे वाचतील’ या आश्वासनावर तरतूद मिळवली की दोन वर्षांनी लेखापरीक्षक बचत शोधायला येतो, ती मिळत नाही आणि चांगली योजना बंद पडते. आरोग्याची वर्षे विकत घेतो आहोत, असे सांगूनच पैसे मागावेत.

दुसरे टोकही ध्यानात ठेवायला हवे. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान सुमारे पंधरा पटींनी वाढले, मृत्यूंचे प्रमाण होते तसेच राहिले. सापडलेल्यांची संख्या हे यशाचे माप धरले तर हा कार्यक्रम पहिल्या नंबरात येईल.

मापाबद्दल शेवटचा मुद्दा, कारण पैसे त्याच्याच मागे धावतात. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण हे माप इथे फसवे आहे. मृत्यूची तारीख तीच राहिली आणि निदानाची तारीख आधी आणली, तरी ते सुधारलेले दिसते. त्यापेक्षा तीन गोष्टी मोजाव्यात : तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्यांचे लोकसंख्येतले प्रमाण घटते का, अत्यवस्थ होऊन थेट इमर्जन्सीत दाखल झाल्यावरच निदान होणारे किती (इंग्लंडमध्ये हे सुमारे पाचात एक आहेत), आणि पहिल्या भेटीपासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत किती दिवस गेले. कोणती तारीख ‘पहिली भेट’ धरायची आणि कोणती ‘निदान’, याची व्याख्या लवकर निदानाच्या अभ्यासांसाठी संशोधकांनी ठरवलेल्या २०१२ च्या ऑरहूस निवेदनात दिलेली आहे, ती जशीच्या तशी घ्यावी. एकेका दवाखान्याची वार्षिक क्रमवारी मात्र लावू नये. वर्षाला आठ कर्करोगांच्या आकड्यावर दोघांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. किमान पाच वर्षांचे आकडे एकत्र करावेत, आणि ‘पाठवलेल्यांपैकी कितींना कर्करोग निघाला’ याच्याच शेजारी ‘निघालेल्या एकूण कर्करोगांपैकी किती दवाखान्याने तातडीने पाठवले होते’ हाही रकाना असावा. पहिलाच रकाना तपासला तर डॉक्टर हात आखडता घेतो, दुसराच तपासला तर खोकणाऱ्या प्रत्येकाला पाठवतो.

आपले नम्र,
जनरल प्रॅक्टिस आणि आरोग्य-अर्थशास्त्र या क्षेत्रांतील दोन वाचक